श्वानाची परीक्षा आणि माणसाची कसोटी

चोरी, दरोडा अथवा खून यांच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : श्वानपथकास पाचारण करण्यात आले, परंतु श्वान काही अंतरावर जाऊन घुटमळले. वर्षानुवर्षे हेच वाक्य वाचून वाचकाला त्याची इतकी सवय झालेली असते, की त्याची नजर त्यावर क्षणभरही ठरत नाही. क्वचित मात्र श्वान घुटमळत नाही. ते एखाद्या घराच्या उंबरठ्याशी जाऊन थांबते, जमावातील एखाद्या माणसापाशी बसते वा त्याच्यावर भुंकते. त्या क्षणापासून त्या माणसाचे आयुष्य पालटून जाते. खटला अद्याप उभा राहावयाचा असतो, साक्षीपुरावे तपासले जावयाचे असतात. पण गावाच्या लेखी निकाल तेथेच लागलेला असतो. कुत्रे म्हणजे मुके, निष्कपट जनावर. ते कशाला खोटे बोलेल, असा बिनतोड वाटणारा युक्तिवाद लोक करतात.

कुत्रे खोटे बोलत नाही हे खरेच. पण जे खोटे बोलत नाही ते चुकतही नाही, असे मात्र नव्हे. कारकुनाच्या जागेसाठी परीक्षा द्यावी लागते, शिक्षकाला पदविका मिळवावी लागते, मोटार हाकणाऱ्याला परवाना काढावा लागतो. मग ज्याच्या नाकावर एखाद्याचे स्वातंत्र्य आणि ज्याच्या दातांवर एखाद्याचा जीव अवलंबून असतो, त्या जनावराची परीक्षा कोणी, केव्हा आणि कशी घेतली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जगात या प्रश्नाचा विचार सव्वाशे वर्षांपासून चालू आहे. त्या विचाराचा इतिहास कुत्र्यांविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक परीक्षांविषयी आणि परीक्षा घेणाऱ्या माणसांविषयी सांगतो.

सरमेचा वारसा

कामाच्या कुत्र्याच्या अंगी काय असावे, याची कल्पना भारतीय परंपरेला नवी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सरमा ही इंद्राची दूती. पणींनी दडवून ठेवलेल्या गायींचा माग काढीत ती रसा नदीपलीकडे जाते. पणी तिला आमिष दाखवितात : तू आमची बहीण होऊन राहा, गायींतील वाटा तुला देऊ. सरमा ते नाकारते आणि धन्याचा निरोप ठणकावून सांगते. आजच्या परीक्षकाला कुत्र्यात जे गुण हवे असतात, ते सारे या एका कथेत आहेत. अचूक नाक, आज्ञेशी निष्ठा, परक्या प्रदेशात न ढळणारे धैर्य आणि लालूच दाखविली तरी न बदलणारी वृत्ती, हे ते गुण होत. महाभारताच्या शेवटी हीच गोष्ट उलट बाजूने सांगितली आहे. स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून आत जाण्यास युधिष्ठिर नकार देतो, आणि ती परीक्षा कुत्र्याची नव्हती, राजाची होती, असे मागाहून कळते.

पण परंपरेने या गुणांचे गौरव केले, मोजमाप केले नाही. कुत्रा इमानी असतो, एवढे म्हणून समाज थांबला. इमान हा जातिवंत कुत्र्याचा जन्मजात गुण आहे असे गृहीत धरले, की तो तपासण्याची गरजच उरत नाही. युरोपात, विशेषतः जर्मनीत, हे गृहीतक प्रथम बाजूला ठेवले गेले.

रूप नव्हे, काम

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत कारखानदारी वाढली, कुरणे आक्रसली आणि मेंढ्यांचे कळप घटू लागले. पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांबरोबर राबलेल्या कुत्र्यावर बेकारीची पाळी येणार, हे दिसू लागले होते. घोडदळातील एक कप्तान, माक्स फोन श्टेफानिट्स, यांनी एप्रिल १८९९ मध्ये कार्ल्सरूए येथील प्रदर्शनात मेंढपाळी जातीचा एक कुत्रा पाहिला, तो विकत घेतला आणि त्याचे नाव होरांड फोन ग्राफराट असे ठेवले. त्याच महिन्यात त्यांनी जर्मन शेफर्ड कुत्र्यांची संस्था स्थापन केली. होरांड हा तिच्या नोंदवहीतील पहिला कुत्रा. जगभर ‘अल्सेशियन’ म्हणून जो कुत्रा ओळखला गेला, त्याचा आधुनिक वंश येथून सुरू होतो.

श्टेफानिट्स यांचा आग्रह साधा होता. कुत्र्याचे मोल त्याच्या केसांत, कानांत वा शेपटीच्या वळणात नाही; ते त्याच्या कामात आहे. ज्याला काम येत नाही त्याचा वंश वाढवू नये. मेंढ्या राहिल्या नाहीत तर कुत्र्याला दुसरे काम द्यावे, पण बिनकामाचा शोभेचा प्राणी होऊ देऊ नये, या विचाराने त्यांनी पोलीस आणि लष्कर यांच्याकडे मोर्चा वळविला. काळही अनुकूल होता. बेल्जियममधील गेंट शहराने १८९९ मध्येच पोलिसांच्या रात्रपाळीला कुत्रे दिले होते. हॉलंडमध्ये १९०७ साली पोलिसी कुत्र्यांच्या परीक्षा घेणारी स्वतंत्र संस्था निघाली. पहिल्या महायुद्धात कुत्र्यांनी निरोप पोहोचविले, रणभूमीवर पडलेले जखमी शोधले. आणि युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची पहिली शाळा सुरू झाली. ही सारी कामे भिन्न होती. परंतु त्या सर्वांमागे एकच प्रश्न होता : कोणता कुत्रा या कामास लायक आहे, हे अगोदर कसे ओळखावे?

त्याचे उत्तर म्हणून जी परीक्षा विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत आकारास आली, तिला ‘शुट्सहुंड’, म्हणजे रक्षक कुत्र्याची परीक्षा, असे नाव मिळाले. पुढे ती देशोदेशी पसरली. २०१२ नंतर जुने नाव मागे पडून आंतरराष्ट्रीय नावे रूढ झाली. २०१९ पासून ती ‘आयजीपी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. नाव बदलले तरी तिचा सांगाडा तोच राहिला आहे.

तीन प्रश्नपत्रिका

या परीक्षेस बसण्यापूर्वी कुत्र्याला एक प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. तीत पराक्रमाचा भाग नाही. रहदारीच्या रस्त्याने धन्याबरोबर नीट चालणे, शेजारून सायकलस्वार वा धावणारा माणूस गेला तरी न बिथरणे, गर्दीत शांत उभे राहणे, धनी नजरेआड झाल्यावर बांधलेल्या जागी स्वस्थ थांबणे, एवढेच तीत पाहिले जाते. नागरिकशास्त्राचा हा पेपर उत्तीर्ण झाल्याखेरीज पुढचे दार उघडत नाही. शिवाय मुख्य परीक्षेच्या आरंभी परीक्षक प्रत्येक कुत्र्याची वृत्ती पाहतो. भित्रा अथवा अकारण अंगावर जाणारा कुत्रा तेथूनच परत पाठविला जातो, आणि मध्येच तसा स्वभाव दिसला तरी परीक्षा थांबते.

मुख्य परीक्षेचे भाग तीन : माग, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येकाला १०० गुण, आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक भागात किमान ७० गुण. आज्ञापालनात नव्वद मिळवून मागातील कमतरता भरून काढता येत नाही. श्रेणीही तीन असून पहिल्या श्रेणीसाठी कुत्रा किमान दीड वर्षाचा असावा, असा दंडक अनेक वर्षे चालत आला.

मागाच्या भागात शेतातून वा कुरणातून माणूस चालत गेलेला असतो. पहिल्या श्रेणीत हा माग सुमारे ३०० पावलांचा आणि वीस मिनिटांपूर्वीचा असून तो धन्यानेच घातलेला असतो. तिसऱ्या श्रेणीत तो ६०० पावलांचा, तासाभरापूर्वीचा आणि परक्या माणसाचा असतो. त्यात काटकोनी वळणे असतात आणि वाटेत चामड्याच्या, लाकडाच्या वा कापडाच्या लहान वस्तू टाकलेल्या असतात. कुत्रा दहा मीटर दोरीच्या टोकाशी, नाक जमिनीला लावून, पावलापावलाने पुढे सरकतो. तो केवळ माणसाचा वास हुंगत नाही. पायाखाली चिरडलेले गवत आणि उकरली गेलेली माती यांचा गंधही हुंगतो. वस्तू सापडली की बहुधा तो तिच्यापाशी बसकण मारतो. येथे वेगाला गुण नाहीत, चिकाटीला आहेत. घाईने वळण चुकून पुन्हा मागावर येणाऱ्या कुत्र्यापेक्षा संथपणे न चुकणारा कुत्रा वरचढ ठरतो.

आज्ञापालनाच्या भागात दोरीविना धन्याच्या डाव्या पायाशी चालणे, चालता चालता दिलेल्या हुकमावर जागीच बसणे, निजणे वा उभे राहणे, लाकडी डंबेल आणून देणे, मीटरभर उंचीच्या अडथळ्यावरून उडी मारणे, उतरत्या फळ्यांची भिंत चढून जाणे, सरळ पुढे धावत जाऊन हुकूम होताच खाली बसणे, अशी कामे असतात. मध्येच पिस्तुलाचे बार होतात. बाराला भिऊन पळणारा कुत्रा बाद होतो. एक कुत्रा काम करीत असताना दुसऱ्याने मैदानाच्या कडेला धन्यापासून दूर निमूट पडून राहावयाचे असते, आणि अनेकांना हाच प्रश्न सर्वांत अवघड जातो.

तिसरा भाग संरक्षणाचा. पाहणाऱ्याला भुरळ पडते ती याच भागाची, आणि गैरसमज होतो तोही याचविषयी. मैदानात सहा आडोसे असतात. त्यांपैकी एकात हातावर जाड बाही चढविलेला माणूस लपलेला असतो. कुत्र्याने आडोसे धुंडाळून त्याला शोधावयाचे. तो सापडला, पण निश्चल उभा असला, तर कुत्र्याने त्याला चावावयाचे नाही. समोर ठाण मांडून फक्त भुंकावयाचे. तो पळू लागला किंवा चालून आला तरच पकडावयाचे आणि बाहीच पकडावयाची. मऊ आच्छादनाच्या काठीचा धाक दाखविला तरी पकड सोडावयाची नाही. माणूस थांबला आणि हुकूम झाला की मात्र तत्काळ सोडावयाची. वारंवार हुकूम देऊनही जो सोडीत नाही तो अनुत्तीर्ण होतो, मग त्याचे शौर्य कितीही मोठे असो.

म्हणजे ही परीक्षा चावण्याची नाही. चावणे कोठे थांबवावे, याची आहे. उत्कट आवेश आणि त्या आवेशावर ताबा, या दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच देहात एकाच क्षणी हजर आहेत की नाहीत, हे ती पाहते. गुणांबरोबरच परीक्षक आणखी एक शेरा देतो : कुत्र्याची कामाची ओढ, त्याचा आत्मविश्वास आणि ताण सोसण्याची ताकद ठळक आहे, पुरेशी आहे की अपुरी आहे. गुणपत्रिकेखाली स्वभावाविषयी असा शेरा देण्याची कल्पना शाळांनाही विचारात घेण्याजोगी आहे.

स्वीडनची वेगळी वाट

जर्मन परीक्षेत शिक्षण आणि स्वभाव यांची सरमिसळ होते, हा तिच्यावरील जुना आक्षेप. उत्तम शिक्षक मध्यम कुत्र्यालाही उत्तीर्ण करू शकतो. मग गुण कोणाचे मानावयाचे? स्वीडनमध्ये १९८९ पासून प्रचारात आलेल्या स्वभावचाचणीने या प्रश्नाला बगल न देता उत्तर दिले. तीत कुत्र्याला काहीही शिकवून आणावयाचे नसते आणि कोणी उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण होत नाही. परका माणूस येऊन हात लावतो, चिंधीशी खेळावयास बोलावतो; पुढ्यातून एक लहान वस्तू सरसर ओढली जाते; वाटेत माणसाच्या आकाराचे बुजगावणे एकाएकी उभे राहते; पत्र्यावर साखळी खणखणते; पांढऱ्या चादरी पांघरलेल्या दोन आकृती सावकाश चालून येतात; शेवटी बार काढले जातात. कुत्रा काय करतो आणि दचकल्यावर किती वेळात सावरतो, एवढेच ठरलेल्या तक्त्यावर नोंदले जाते.

हजारो कुत्र्यांच्या अशा नोंदी साठल्यावर त्यांतून शास्त्र निघाले. २००२ मध्ये स्वीडिश संशोधकांनी १६४ जातींच्या १५,३२९ कुत्र्यांच्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. खेळकरपणा, कुतूहल व निर्भयता, पाठलागाची ओढ, माणसांविषयीचा मोकळेपणा आणि आक्रमकता असे पाच गुणविशेष त्यांना वेगळे काढता आले. आणखी एक गोष्ट अशी आढळली, की आक्रमकता सोडून उरलेले चार गुण एकमेकांशी जोडलेले असतात, आणि त्यांतून दिसणारा धीटपणा कामातील यशाशी निगडित असतो. रागीट कुत्रा म्हणजे चांगला राखणदार, हा दारोदारी ऐकू येणारा समज या नोंदींपुढे टिकत नाही. भ्यालेले जनावर चावते. धीट जनावराला बहुधा त्याची गरज पडत नाही.

स्वभावाचा पाया किती लवकर घातला जातो, हे अमेरिकेतील स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनी १९६५ च्या ग्रंथात दाखविले होते. पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचे असताना माणसांशी त्याचा जो परिचय होतो, त्यावर त्याचे पुढचे वागणे मोठ्या प्रमाणावर ठरते. म्हणजे कुत्र्याच्या परीक्षेचा निकाल काही अंशी त्याला वाढविणाऱ्या घराचाही असतो. शाळेच्या निकालाविषयी शिक्षक हेच सांगत आले आहेत.

अभ्यासक्रम झालेली परीक्षा

कोणतीही परीक्षा फार काळ चालली, की एक विकार जडतो. ती ज्या गुणाचे मोजमाप करण्यासाठी निघाली, तो गुण मागे पडतो आणि परीक्षा उत्तीर्ण होण्याचे तंत्र पुढे येते. शिकवणी वर्ग आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्या काळात हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. श्वानपरीक्षेचेही तसेच झाले. सहा आडोसे नेहमी त्याच जागी, बाही नेहमी हातावर, पळण्याची दिशा ठरलेली. त्यामुळे काही कुत्रे माणसाला नव्हे, बाहीलाच लक्ष्य मानू लागले. बाही हातातून सुटली, की ती तोंडात धरून ते मोठ्या दिमाखात मैदानातून फिरतात. समोरच्या माणसाशी त्यांना कर्तव्य उरत नाही. मैदानावरील सुवर्णपदक आणि अंधाऱ्या गल्लीतील उपयोग यांत अंतर पडते.

या विकारावर उपायही शोधले गेले. १९८० च्या दशकात युरोपात आकारास आलेल्या ‘माँदियोरिंग’ या प्रकारात प्रत्येक स्पर्धेचा देखावा, अडथळे आणि प्रसंग बदलतात, म्हणून घोकंपट्टी चालत नाही. हॉलंडमधील जुन्या परीक्षेत पाणी, सायकल आणि संपूर्ण अंगभर संरक्षक पोशाख घातलेला माणूस यांचा उपयोग होतो. उपाय परिपूर्ण नाहीत. पण परीक्षा जिवंत ठेवावयाची तर प्रश्नपत्रिका अनपेक्षित असली पाहिजे, हे तत्त्व त्यांनी मान्य केले. शिक्षणाच्या पद्धतीचाही प्रश्न यातून पुढे आला. गुणांच्या हव्यासापोटी काटेरी पट्टे आणि विजेचे धक्के वापरले जात. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्ये विजेच्या पट्ट्यांचा वापर बेकायदा ठरविला, आणि २०२२ च्या आरंभी अमलात आलेल्या नियमांनी प्रशिक्षणातील काटेरी पट्ट्यांवर बंदी घातली. वेदनेने मिळविलेले आज्ञापालन हे स्वभावाचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही, ही जाणीव उशिरा का होईना, कायद्यात आली.

दोरीचे दुसरे टोक

याहून खोल दोष मात्र कुत्र्याच्या नाकात नसून दोरीच्या दुसऱ्या टोकाशी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा टाप आपटून गणिते सोडवीत असे. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये दाखवून दिले, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर घोड्यालाही ते येत नाही. योग्य आकड्याशी पोहोचताच माणसाच्या चेहऱ्यात आणि मानेत होणारी नकळत हालचाल तो टिपत होता. घोडा जर एवढे टिपतो, तर पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या नजरेवर जगलेला कुत्रा किती टिपत असेल?

कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने याचे उत्तर दिले. अमली पदार्थ वा स्फोटके हुंगणाऱ्या अठरा प्रशिक्षित कुत्र्यांना त्यांच्या हस्तकांसह एका इमारतीत नेण्यात आले. तेथे असे काहीच लपविलेले नव्हते. पण काही ठिकाणी लाल कागद लावला असून तेथे वास ठेवलेला आहे, असे हस्तकांना सांगण्यात आले. १४४ फेऱ्यांपैकी केवळ २१ फेऱ्या निर्दोष झाल्या. उरलेल्या साऱ्या फेऱ्यांत एक वा अनेक ठिकाणी कुत्र्याने ‘येथे आहे’ असा इशारा दिल्याची नोंद झाली. कुत्रे अप्रामाणिक नव्हते, हस्तकही नव्हते. माणसाला जे दिसावेसे वाटत होते, ते कुत्र्याच्या वागण्यात उमटले, अथवा माणसाने तसे वाचले.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. हॉलंडच्या उत्तर व पूर्व भागांत १९९७ ते २००६ या काळात संशयितांच्या वासाची ओळख पटविणाऱ्या चाचण्यांत, संशयिताचा वास कोणत्या जागी ठेवला आहे हे हस्तकाला अगोदर ठाऊक असे. नियमानुसार ते ठाऊक असता कामा नये. हे उघड झाल्यावर त्या चाचण्यांवर आधारलेल्या शिक्षांचा फेरविचार करण्याची वेळ न्यायालयांवर आली. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला विद्यार्थ्याचे नाव कळू नये, यासाठी जी काळजी विद्यापीठे घेतात, तेवढी काळजी माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असताना तरी घेतली जावी, अशी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

आणि आज्ञापालनाच्या गुणांना आणखी एक काळी बाजू आहे. मे १९६३ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात समान हक्कांसाठी निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या मोर्चांवर, त्यांतील कोवळ्या मुलांवरही, पोलिसांचे कुत्रे सोडण्यात आले. त्या कुत्र्यांनी काहीही चूक केली नाही. त्यांनी हुकूम मानला. चूक हुकूम देणाऱ्यांची होती, आणि ती शोधणारी कोणतीही परीक्षा त्या मैदानावर नव्हती. आज्ञाधारकपणा हा कुत्र्याचा सद्‌गुण असेल; आज्ञा कोणाच्या हाती आहे, याचा विचार केल्याखेरीज तो समाजाला सद्‌गुण म्हणता येत नाही.

आपल्याकडील हिशेब

भारतात लष्कराचे श्वानप्रशिक्षण मीरत येथे १९६० पासून आणि सीमा सुरक्षा दलाचे ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथे १९७० पासून चालत आले आहे. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ चे. त्याची कामगिरी सामान्य नाही. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर ‘जंजीर’ या श्वानाने ३,३२९ किलो आरडीएक्स आणि ६०० स्फोटक नळ्या शोधून दिल्याची नोंद सांगितली जाते. नोव्हेंबर २००० मध्ये तो मरण पावला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. त्याच्या नाकाने किती प्राण वाचविले, याची गणना होऊ शकत नाही. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानाशी नाव जोडल्या गेलेल्या मुधोळ कुत्र्याचीही लष्कराने मीरत येथे २०१६ च्या सुमारास चाचणी सुरू केली. महाराष्ट्रात ज्याला कारवानी म्हणतात, तो याच कुळीचा. धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या अंगणात शतकानुशतके राबलेल्या या कुत्र्यांच्या स्वभावाची पद्धतशीर नोंदवही मात्र श्टेफानिट्ससारख्या कोणी वेळेवर उघडली नाही.

परंतु स्फोटके शोधणारे नाक आणि माणूस ओळखणारे नाक यांत एक मूलभूत फरक आहे. स्फोटके तेथे आहेत की नाहीत, हे उकरल्यावर लगेच कळते. कुत्र्याच्या उत्तराचा पडताळा हातोहात मिळतो. ‘हाच तो माणूस’ या उत्तराला तसा पडताळा नसतो. म्हणूनच न्यायालये सावध राहिली. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या पुराव्यावरील आक्षेप मांडले. कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, आणि माणसाचे स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगलेले असू नये. असा पुरावा ग्राह्य मानला तरी त्याला सामान्यतः फारसे वजन नसते, असे न्यायालयाने म्हटले. २००१ मध्ये आंध्र प्रदेशातील आणि २००८ मध्ये आसाममधील खटल्यात ही भूमिका अधिक स्पष्ट झाली. तपासाला दिशा मिळावी म्हणून श्वानाची मदत जरूर घ्यावी. पण दोष सिद्ध करण्यासाठी तिचा आधार घेऊ नये.

न्यायालयाचा हा विवेक न्यायालयाच्या दाराशीच थांबतो, ही खरी अडचण आहे. गावाच्या चावडीवर, वस्तीत आणि वृत्तपत्राच्या मथळ्यात श्वानाचा इशारा हाच निकाल असतो. भटक्या जमातीतील माणूस, परगावाहून आलेला मजूर, ज्याच्यावर अगोदरच संशयाची बोटे वळलेली असतात, त्याच्यापाशी कुत्रे थांबले तर ते त्याच्या वासामुळे थांबले की जमावाच्या आणि हस्तकाच्या नजरेमुळे, हे कोण सांगणार? निर्दोष सुटका वर्षांनी होते. पाठीवरचा शिक्का तोवर पक्का झालेला असतो.

यावर उपाय कुत्रे नाकारणे हा नव्हे. उपाय त्यांची आणि त्यांच्या हस्तकांची प्रामाणिक परीक्षा हा आहे. ती एकदाच, भरतीच्या वेळी न होता ठरावीक मुदतीने व्हावी. तीत काही फेऱ्या अशा असाव्यात, की जेथे शोधावयाचे काहीच नाही. कारण ‘येथे काही नाही’ असे सांगता येणे, ही नाकाची सर्वांत मोठी कसोटी आहे. वास कोठे ठेवला आहे हे हस्तकाला आणि त्याच्याजवळ उभ्या असणाऱ्या कोणालाही ठाऊक नसावे. प्रत्येक श्वानाच्या बरोबर आणि चूक इशाऱ्यांची नोंद ठेवली जावी आणि मागितल्यास ती आरोपीच्या वकिलाला पाहावयास मिळावी. श्वान किती वेळा चुकले हे ठाऊक असल्यावाचून त्याच्या बरोबर असण्याला किंमत देता येत नाही. यांपैकी एकाही गोष्टीला फार मोठा खर्च लागत नाही. लागते ती फक्त स्वतःच्या खात्रीवर थोडा संशय घेण्याची तयारी.

मैदानावरील परीक्षेत शंभरापैकी शंभर गुण क्वचितच मिळतात, आणि जर्मन परीक्षक तसे गुण देण्यास फार उत्सुकही नसतो. कुत्र्याला त्याचे काही वाटत नाही. धन्याने पाठीवर थाप दिली की त्याचा निकाल लागला. गुणपत्रिका माणसासाठी असते, आणि ती नीट वाचण्याची जबाबदारीही माणसाचीच असते. सरमेने पणींचे आमिष नाकारले, कारण आपण कोणासाठी आणि काय शोधावयास आलो आहोत, हे तिला पक्के ठाऊक होते. दोरीचे दुसरे टोक ज्याच्या हाती आहे त्याला तेवढे ठाऊक असले, तर कुत्र्याच्या नाकावर विसंबण्यात धोका नाही. ते ठाऊक नसेल, तर कुत्रा कितीही उत्तीर्ण झाला तरी अनुत्तीर्ण होतो तो समाज.